एक्केचाळिसावा रोलर

१९८६ च्या जूनमध्ये मी हडपसरच्या एका फाउंड्रीत ट्रेनी म्हणून लागलो. बीएस्सीला फिजिक्स होतं, आणि जे बिघडतं ते मोजता येतं असा माझा ठाम समज होता. मला तीन नंबरचा पट्टा दिला गेला. साच्यांतून सुटलेली जळकी वाळू हा पट्टा जमिनीखालच्या बोगद्यातून परत नेतो. बोगदा नव्वद मीटर लांब. आत वाकून चालावं लागतं. दर सव्वा मीटरला पट्ट्याखाली एक रोलर, म्हणजे लोखंडी नळी आणि तिच्या दोन टोकांना बेअरिंग. असे बाहत्तर रोलर.

ते सांभाळणारे फिटर मेहबूबभाई. सय्यदनगरहून सायकलने यायचे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. चालत्या पट्ट्याशेजारी उकिडवं बसून ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक रोलरच्या बैठकीला लावत आणि मूठ कानाला.

"चांगलाय." पुढे. "चांगलाय." पुढे.

एक्केचाळीसला त्यांनी स्क्रूड्रायव्हर लावलाच नाही.

"हा?" मी विचारलं.

"गेला."

"अहो, नवीन बसवला ना मागच्या आठवड्यात?"

"म्हणूनच अजून फिरतोय."

मेंटेनन्सचे मॅनेजर श्यामसुंदर दाते यांनी त्याच दुपारी मला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं पत्र होतं. मेहबूबभाईंना कामावरून काढण्याचं.

"अकरा महिन्यांत चौदा रोलर, एकाच जागी," दाते म्हणाले. "बाकीचे एकाहत्तर काय सरकारी नोकरीत आहेत? तो बेअरिंग हातोडीने ठोकून बसवतो, दुसरं काय. महिनाअखेरीला पत्र जाईल. त्याआधी वेगळं कारण सापडलं तर सांगा. कारण सांगा, निबंध नको."

एक्केचाळीसच्या जागेवरून उतरवलेला चौदावा रोलर मी कापला. ठोकल्याची खूण कुठेच नव्हती. रोलरमध्ये दांडा स्थिर असतो आणि नळी फिरते. पट्ट्याचा भार वरून येतो, म्हणून बेअरिंगची आतली कडी वरच्या अंगाला झिजते. या कडीची झीज खालच्या अंगाला होती. नळीला कोणीतरी खालून वर रेटत असल्यासारखी.

आधी वाटलं, माझीच वर-खालची गल्लत झाली. त्याच जागी बसवलेल्या पंधराव्या रोलरच्या दांड्यावर मी स्वतः खडूने बाण काढला आणि तो आठ दिवसांनी उतरवून घेतला. झीज खालीच होती.

"खालून ना?" मेहबूबभाईंनी न बघताच विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला कुठलं फिजिक्स येतं, माधवसाहेब."

मी बॅटरी घेऊन रोलरखाली डोकावलो. खाली परत जाणारा पट्टा, आणि दोन्हींच्या मधे हातभर जागा. तिथे मांजरसुद्धा बसलं नसतं. त्या जागी जळक्या वाळूच्या वासात घामाचा वास मिसळलेला होता. बोगद्यात उकडायचंच, मी स्वतः भिजलेला असायचो; म्हणून ते निरीक्षण वहीत लिहिलं नाही.

महिनाअखेरीच्या आदल्या दिवशी मी दात्यांना बोगद्यात नेलं. मेहबूबभाईंनी रोलर काढला. चाळीस ते बेचाळीस असा मी पट्ट्याच्या कडेला वरून दोरा ताणला. अडीच मीटरची मोकळी जागा आणि वाळूचं वजन धरून माझ्या गणिताने तिथे सहा सेंटिमीटर झोल यायला हवा होता.

पट्टा सुरू झाला. वाळू आली.

पट्टा दोऱ्याला लागून सरळ धावत राहिला.

दात्यांनी खिशातली स्टीलची पट्टी काढली आणि दोऱ्याखाली घालून पाहिली. ती शिरली नाही. वर आल्यावर त्यांनी पत्र फाडलं.

"म्हणजे फिटरची चूक नाही," ते हात पुसत म्हणाले. "आणि तिथे रोलरची गरजही नाही."

पुढच्या आठवड्यात त्यांनी चाळीस आणि बेचाळीसही काढायला लावले. मोकळी जागा पाच मीटर झाली. दोरा ताणला. झोल शून्य. दात्यांना गंमत वाटू लागली होती.

बेचाळिसाव्याचा बोल्ट सोडवताना मेहबूबभाईंचा पाना दोनदा घसरला. रोलर भिंतीशी टेकवून ते तिथेच बसले.

"यापुढचा मी काढणार नाही. साहेबांना सांगा, पत्र टाइप करा."

"मेहबूबभाई, दोनच वर्षं राहिलीत."

"मोजलीत मी."

"पण त्यांना कारण काय सांगू?"

ते पट्ट्याकडे बघत होते. "एकाच्याच अंगावर किती टाकायचं?" म्हणाले, आणि सायकलची किल्ली चाचपत वर निघून गेले.

मी निरोप पोचवला. दाते हसले. "सोमवारी अजून चार काढायचेत. नाही म्हणाला तर टाइपरायटर इथेच आहे."

रविवारी फाउंड्री बंद होती. वॉचमनने दार उघडून दिलं. मी एकटाच उतरलो. मोटर बंद, पट्टा रिकामा, उकाडाही कमी. मोकळ्या जागेपाशी बॅटरीचा झोत टाकला आणि थबकलो.

पट्टा खाली आला होता.

नुसत्या डोळ्यांना दिसत होता इतका. घाईघाईने दोरा ताणला, पट्टी पट्ट्यावर उभी धरली. चोपन्न मिलिमीटर. वहीत गणित केलं, रिकाम्या पट्ट्याचं वजन, पाच मीटर अंतर. उत्तर आलं चोपन्न. मला इतकं हलकं वाटलं की मी तिथे एकटाच हसलो. आधीच्या मापांत काहीतरी चुकलं होतं, ताणात म्हणा, दोऱ्यात म्हणा. हा आकडा दात्यांना दाखवला की सगळे रोलर जागेवर परत जाणार होते. काढायला कोणी सांगणार नव्हतं, नाही म्हणायची वेळ येणार नव्हती. मेहबूबभाई दोन वर्षांनी हार घालून घरी जाणार होते.

आकडा लिहिला. तारीख घातली. वेळ, दोन वाजून एकोणसाठ मिनिटं. खात्रीसाठी पट्टी पुन्हा उभी धरली.

शेजारच्या कारखान्याचा तीनच्या पाळीचा भोंगा झाला. बोगद्यात तो जमिनीतून आल्यासारखा ऐकू आला. मग थांबला.

माझ्या बोटांतली पट्टी वर सरकली.

मला वाटलं, माझाच हात हलला. मी कोपर भिंतीला टेकवलं.

चाळीस.

पंचवीस.

दहा.

आवाज काहीच नव्हता. मोटर बंदच होती. मी पट्टी काढून घेतली. रिकामा पट्टा दोऱ्याला येऊन लागला आणि सरळ झाला.

मी श्वास रोखून धरला होता. पट्ट्यावर टेकलेला दोरा मात्र किंचित वर होत होता, किंचित खाली, पुन्हा किंचित वर.