शुक्रवारचा फोटो

आमची खोली हलते, हे मला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही परक्या माणसाने सांगितलं म्हणून.

खोली भिवंडीत, मजीदभाईंच्या लूम कारखान्याच्या डोक्यावर आहे. खाली कापड विणणारे चोवीस लूम, दोन शिफ्ट. माझे बाबा, कोंडू, तिथेच विणकर होते, म्हणून ही खोली मिळाली. त्या खडखडाटात मी झोपले, अभ्यास केला, भांडले. इथे कपातल्या चहावर कायम बारीक वलयं उठत असतात. मला वाटायचं चहा असाच असतो. लहानपणी खारबावला मावशीकडे गेले की तिथला गप्प बसलेला चहा मला शिळा वाटायचा.

मी संघरत्ना. मानकोलीच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात गाड्यांची कागदपत्रं करते. सकाळी निघायचं, ट्रकांच्या गर्दीत कुजायचं, संध्याकाळी केसांत पुठ्ठ्याची धूळ घेऊन परत यायचं. लग्न केलं नाही. घरात मी आणि आई, शांताबाई. या वयात नवीन काही शिकायची मला हौस नव्हती, खरं सांगते. पण आईने कामाला लावलं.

भिंतीवर बाबांचा फोटो होता. अकरा वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा घरात त्यांचा एकही धड फोटो सापडला नाही, म्हणून मतदार ओळखपत्रावरचा मोठा करून घेतला. नाक कुठे आहे एवढंच कळायचं. पुण्यानुमोदनाला आलेले पाहुणे फूल वाहताना नजर चुकवत होते. ते मला अजून बोचतं. बाप रोज समोर बसायचा आणि आम्हाला एक फोटो काढायला सुचलं नाही.

यंदा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आईचं हृदय थकलंय, आता जेवढे दिवस तेवढे. आईला ते न सांगताच कळलं. घरी आल्यावर तिने मला समोर बसवलं.

"माजा फोटू आत्ताच काढून ठेव," ती म्हणाली. "माज्यामागं भितीवर असला शेनाचा गोळा नको. मी हाय तशी दिसली पायजे."

मोबाइलवर काढले, पण मोठे केले की चेहऱ्याचं पीठ व्हायचं. तिला जिना उतरवत नाही, म्हणून स्टुडिओ नाही. कोपऱ्यावरचा मुदस्सिरभाई, लग्नांचे फोटो काढणारा, घरी यायला तयार होता. पण परक्या माणसापुढे आपल्याला बसता येत नाही म्हणून तिने साफ नकार दिला. शेवटी मुदस्सिरभाईने आपला जुना कॅमेरा मला दिला आणि शिकवायचंही कबूल केलं.

तर मी शिकले. कोपर छातीला लावायचं. श्वास सोडून बटण दाबायचं. चेहऱ्यावर उजेड खिडकीतून एका बाजूने घ्यायचा, फोकस डोळ्यावर ठेवायचा. फ्लॅश नाही, कारण मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला चमक सोसत नाही. खोलीत अंधार फार, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा जवळजवळ एक सेकंद उघडा ठेवायचा, आणि तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. ड्युटीला जायच्या आधी मी रोज आईला पलंगावर बसवायचे; शुक्रवारी तेवढं गाड्या लवकर लागतात म्हणून जमायचं नाही. ती बिचारी पुतळ्यासारखी बसायची. आणि रोज फोटो फिसकटलेला यायचा.

माझा हात हलत असेल म्हणून मुदस्सिरभाईने तिपाई दिली. बोटाचा धक्का नको म्हणून टायमर लावायला शिकवलं. तरी तेच. वैताग आला मला. एका संध्याकाळी कॅमेरा त्याच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, माझ्याच्याने होत नाही, बास झालं.

त्याने फोटो एकेक करून पाहिले. मग विचारलं, "ताई, तुमच्या खाली लूम चालतात ना? फ्लोअर हलतोय तुमचा. तिपाई पण हलतेय." जन्म गेला त्या खोलीत, आणि माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला.

तो मात्र हसला नाही. एक फोटो मोठा करून त्याने माझ्याकडे वळवला. आमच्या खिडकीपाशी बाबांचं लोखंडी स्टूल आहे, त्यावर हल्ली कुणी बसत नाही. फोटोत पलंग, आई, भिंत, सगळं फिसकटलं होतं. स्टुलाखाली एक चप्पल तेवढी स्पष्ट होती. तिचा अंगठा लूमच्या सुताने बांधलेला होता.

"कॅमेरा हलला तर सगळंच हलणार," मुदस्सिरभाई म्हणाला. "ही एकच चीज कशी ठहरली, मला न्हाय समजत."

अशी चप्पल आमच्या घरात नव्हती. बाबांची होती, आणि ती त्यांच्याबरोबरच गेली होती. मी स्वतःला समजावलं की उजेडाचा काही खेळ असेल, दमलेले डोळे काहीही बघतात. दुसऱ्या दिवशी उजेड वाढवला, खिडकीसमोर पांढरी चादर बांधली, फोकस नीट केला. फोटो आधीपेक्षा चांगला आला. आई तशीच पुसट. स्टुलावर आता गुडघा होता, आणि गुडघ्यावर उजवा हात. हाताच्या मधल्या बोटाचं टोक नव्हतं.

बाबांच्या बोटाचं ते टोक मी सात वर्षांची असताना खालच्या लूमच्या धावत्या धोट्याने नेलं होतं.

मी ऑफिसला गेले नाही. दुपारपर्यंत स्टुलाकडे बघत बसले. स्टूल रिकामं होतं, ऊन पडलं होतं, खालून खडखडाट येत होता. शेवटी न राहवून मी फोटो आईला दाखवला. ती घाबरेल असं वाटलं होतं. तिने चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं आणि कॅमेरा माझ्या हातात परत दिला.

"ह्यांचा येतोय," ती म्हणाली. "माजा कवा येनार?"

भिवंडीत कारखाने शुक्रवारी बंद असतात. मुदस्सिरभाईने तेच सांगितलं होतं, शुक्रवारी काढा. मी रजा टाकली. सकाळी खाली एकही लूम चालू नव्हता. आईला निळं लुगडं नेसवलं, केस विंचरले. तिला धाप लागली होती, तरी टायमर वाजेपर्यंत ती हलली नाही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर आई उमटली. सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, ओठाच्या कोपऱ्यातलं ते चिडवणारं हसू. सगळी खोली लख्ख स्पष्ट होती आणि स्टूल रिकामं होतं. मला रडूच फुटलं. इतक्या महिन्यांची दमणूक एकदम अंगातून उतरली.

आईने फोटो पाहिला. "झालं एकदाचं," म्हणाली. "आता मी जरा पडते."

मी मुदस्सिरभाईकडे जाऊन फोटो मोठा करायला दिला. परत आले तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. कधी नव्हे इतकी शांत झोप लागली होती, म्हणून संध्याकाळी उठवलं नाही. तिच्या अंगावर चादर ओढली आणि मीही आडवी झाले.

रोज मला आईच्या धापेने जाग येते. शनिवारी खालच्या लूमने आली.

आई माझ्याआधी उठली होती. महिनोन्‌महिने स्टोव्हपाशी उभी न राहिलेली माझी आई चहा करून, दोन कप घेऊन पलंगावर बसली होती. तेच निळं लुगडं. चेहरा ताजा दिसत होता. मला बरं वाटलं. म्हटलं, बस अशीच, आणखी एक काढते.

तिपाई तिथेच होती. टायमर लावला. खाली चोवीस लूम धडधडत होते. माझ्या पायाखालची फरशी थरथरत होती, आणि आता ते मला कळत होतं.

फोटोत खोली फिसकटली होती. भिंत, पलंग, सगळंच.

स्टुलावर बाबा होते. अकरा वर्षं कुणाला ओळखू न आलेला तो चेहरा, अगदी स्पष्ट.

आई त्यांच्याइतकीच स्पष्ट होती.

मी मान वर केली. स्टूल रिकामं होतं. आई माझ्याकडे बघत होती.

"चा घे," ती म्हणाली. "निवतोय."

मी माझा कप उचलला. त्यावर वलयं उठत होती, नेहमीसारखी. आईने आपला कप दोन्ही हातांत धरला होता. त्यातला चहा हलत नव्हता.