बाहेर उघडणारं दार

हे खरं घडलंय. आणि बाथरूमच्या दाराबद्दल आहे, म्हणून आधी हसून घ्या. मीही हसले होते.

रविवारची दुपार होती. भर उजेड. आमचाच फ्लॅट, आणि बाथरूमसमोरचा अरुंद बोळ.

आधी थोडं मागचं सांगते.

गेल्या वर्षी माझे सासरे बाथरूममध्ये पडले. दार आत उघडणारं, आणि बाबा नेमके दाराला टेकून पडलेले. कडी लावलेली नव्हती, तरी दार ढकलता येईना. ह्यांनी जोर लावला की आतून बाबा कण्हायचे. शेवटी सुताराला बोलावून दार कापलं.

तोवर कण्हणं थांबलं होतं...

फळी ठोकून तेच दार वर्षभर वापरलं. मग नवीन घ्यायचं ठरलं, तेव्हा सासूबाईंची एकच अट.

"कसलंही आणा, पण बाहेर उघडणारं आणा. मी पडले तर मला तरी काढता येईल."

हे लाकडासाठी अडून बसले. मी म्हटलं, लाकूड फुगतं, प्लास्टिकचं घ्या. "ते डब्यासारखं वाजतं," इति हे.

सुतार म्हणाला, "वहिनी, बोळ अरुंद आहे. बाहेर उघडलं तर जाणाऱ्याच्या कपाळावर बसेल."

"बसू दे," सासूबाई म्हणाल्या. "टेंगूळ उतरतं."



प्लास्टिकचं दार बसलं. करंगळीनं उघडावं इतकं हलकं.

त्या रविवारी मी आत होते. कडी काढली, दार ढकललं.

उघडेना.

पुन्हा ढकललं. जरासं हललं... आणि परत आलं.

अडकलेलं दार हाताला कडक लागतं. हे मऊ लागत होतं. जड आणि मऊ.

खालच्या फटीतून बोळातला उजेड येत होता. मधोमध मात्र अंधार... कुणीतरी दाराला पाठ लावून खाली बसल्यासारखा.

"अहो, गंमत पुरे!" मी ओरडले.

"काय गं?" ह्यांचा आवाज आला... पार बाल्कनीतून.



तेवढ्यात काठीची टकटक. सासूबाई दारापाशी थांबल्या आणि अगदी रोजच्या आवाजात म्हणाल्या,

"अहो, सरका जरा. सूनबाई आत आहे."

दार धाडकन उघडलं. मी पडता पडता वाचले. बोळात फक्त सासूबाई.

"राखण करत बसतात," त्या म्हणाल्या. "मी आत असले की मलाही सांगावं लागतं. ऐकतात हो, पण."

मला भलतीच धास्ती. सासूबाई आत पडल्या आणि त्यांच्या तोंडून आवाजच फुटला नाही, तर बाबांना 'सरका' कोण म्हणणार?

दुसऱ्याच दिवशी मी दार काढायला लावलं आणि पडदा टांगला.

"वहिनी, दारात काय खोट होती?" सुतारानं विचारलं.

"काही नाही. सध्या पडद्याची फॅशन आहे."

पडद्याला टेकून कुणाला बसता येत नाही, असा माझा हिशेब.

पण वारा नसतानाही पडदा खालून आत दाबलेला दिसायचा... बसलेल्या माणसाच्या पाठीएवढा. मी अंग चोरून बाजूनं जायची.

परवा दुपारी सासूबाई आत होत्या. पाण्याचा आवाज थांबला होता. मी हाक मारली.

उत्तर नाही.

पडदा तसाच दाबलेला.

"बाबा... सरका जरा."

पडदा हळूहळू सरळ झाला. मी आत धावले. सासूबाई स्टुलावर बसून टॉवेलानं केस पुसत होत्या. टॉवेल कानावर.

"एवढी काय घाबरतेस?" त्या हसल्या. मग पडद्याकडे बघून म्हणाल्या, "तुझंही ऐकायला लागले की."

मलाही जरा हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आज सकाळी सगळे चहा घेत होते. बाथरूममध्ये कुणी नव्हतं. मी बोळातून जाताना सहज पाहिलं.

पडदा खालून फुगला होता...

या वेळी बाहेरच्या बाजूला.

बाबा सरकले होते खरे. आत.

मी अजून बाबांना काही म्हटलेलं नाही. आणि सासूबाईंची आंघोळ व्हायची आहे.