लाइन कधी येणार?

पंखा थांबला, दिवे गेले आणि पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी वैतागून म्हणालं, "गेली लाइन."

अख्ख्या कार्यालयात त्या वाक्याने खूश झालेली मी एकटीच. कारण सकाळीच माझ्या गळ्यात 'लाइन' हा शब्द पडला होता.

आमचं काम शब्दकोशाचं. इंग्रजीतून आलेले, आता घराघरांत मुरलेले शब्द लोक कसे वापरतात, त्याचा कोश. आणि या कोशाचे नियम सासूपेक्षा कडक. अर्थ डोक्यातून काढायचा नाही, कानाने ऐकायचा. प्रत्येक अर्थाला एक वाक्य, आणि ते कुणीतरी खरंच बोललेलं असलं पाहिजे. कोशकाराने पदरचं काही घालायचं नाही. शनिवारच्या बैठकीत एखाद्या वाक्यावर शंका आली, तर ते बोलणाऱ्यालाच बोलावून आणायचं आणि सगळ्यांसमोर विचारायचं – हे तुम्ही बोललात का?

बटण, टॉवेल, कॉलर असे गरीब स्वभावाचे शब्द बाकीच्यांनी आधीच पळवले होते. 'लाइन'ला कुणी हात लावेना. बँकेत लाइन, वहीला लाइन, फोनची लाइन, नट विसरतो ती लाइन... आणि घरी आई दर आठवड्याला एक नवं स्थळ आणून म्हणायची तीही लाइनच, "मुलगा चांगल्या लाइनमध्ये आहे." कुठून सुरुवात करावी तेच कळेना.

वारा तरी यावा म्हणून मी खिडकी उघडली, आणि जागच्या जागी थिजले.

पहिल्या मजल्यावरच्या त्या खिडकीपुढे, अगदी माझ्या नाकासमोर, एक माणूस होता. विजेच्या खांबाला पट्टा अडकवून, मागे रेलून, आरामखुर्चीत बसावं तसा. डोक्यावर पिवळं हेल्मेट, तोंडात स्क्रू.

"लाइन कधी येणार?" मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं.

त्याने स्क्रू काढून खिशात टाकला. "तुम्ही ओरडला नाहीत तर लगेच येईल. ओरडलात आणि मी पडलो, तर लाइनचं मला काही सांगता येणार नाही."

"मी कुठे ओरडले?"

"तोंड उघडलं होतंत."

ते मी मिटलं. मग पेन्सिल उचलली. "लाइनचं सांगता येणार नाही... काय म्हणालात नेमकं? परत म्हणा."

"काय?"

"जसं बोललात, तसंच. परत म्हणा."

मी त्याला कोशाचं सगळं समजावून सांगितलं. त्याने हातमोजे न काढता शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे मी बोलायचं, तुम्ही छापायचं. खाली माझं नाव?"

"नाव नसतं. नुसतं 'लाइनमन' लिहितो."

"बरंय," तो म्हणाला. "नावात अडकलो असतो तर खांबावर कशाला चढलो असतो?"

त्या गल्लीतल्या सगळ्या जुन्या वायरी बदलायच्या होत्या. त्यामुळे तो रोज यायचा, आणि मी रोज खिडकी उघडायची. सुरुवातीला कामासाठी उघडायची, हे मी शपथेवर सांगू शकते. पुढचं विचारू नका.

त्याच्याकडे वाक्यं भरपूर. लाइन बंद घेतलीय. लाइन चार्ज आहे. लाइन ओढायची राहिलीय. प्रत्येक वाक्य तो एकदा स्वतःसाठी बोलायचा आणि एकदा माझ्यासाठी, सावकाश, मुलांना शुद्धलेखन घालावं तसं. मध्येच खालून जाणाऱ्या एखाद्या आजोबांना ओरडून वाट दाखवायचा. मध्येच मला विचारायचा, "आज निळं का? काल पिवळं छान होतं."

"वायरींकडे बघा," मी म्हणायची.

"वायरी कपडे बदलत नाहीत."

एकदा मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर टिकलोय. लाइन बंद आहे असं कुणी कितीही शपथ घेऊन सांगू दे, स्वतः तपासल्याशिवाय आम्ही हात लावत नाही."

"आणि तपासायचं राहिलं तर?"

"तर तुमच्या कोशाला वाक्यं कमी पडतील," तो हसून म्हणाला.

मला हसू आलं नाही. पेन्सिल हातातच राहिली. एका परक्या माणसाच्या पट्ट्याची कडी नीट लागलीय का, हे मी त्या दिवसापासून रोज बघायला लागले. तो चढला की आधी कडी बघायची आणि मग त्याच्याकडे.

"'लाइन मारणे' याचं एखादं वाक्य मिळेल?" हे विचारायला मला बराच धीर गोळा करावा लागला.

त्याने पक्कड कमरेला अडकवली. "वाक्य हवंय की मारून दाखवू?"

"वाक्य."

"लिहा मग. 'एक बाई रोज खिडकीतून माझ्यावर लाइन मारतात, आणि वर वाक्यं माझ्याकडूनच मागतात.'"

"हे साफ खोटं आहे."

"वाक्य खरंच बोललेलं पाहिजे, असा नियम आहे ना? ते खरं पाहिजे, असा कुठे आहे?"

मी ते लिहून घेतलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. कान इतके गरम झाले होते की खिडकी उघडी असून उपयोग नव्हता.

मग वायरी बदलून झाल्या. गल्लीवरून नव्या तारा चकाकायला लागल्या आणि खांबावर चढायचं कुणाला कारण उरलं नाही. तरी कार्यालय सुटायच्या सुमारास तो खाली दिसायचाच. मोटरसायकलला टेकून उभा. "एक आठवलं," म्हणायचा आणि एक वाक्य देऊन जायचा. मीही ते असं घ्यायची, जणू त्याच्यावाचून कोश अडलाय.

आमचे मुख्य संपादक प्रत्येक दोन शब्दांमागे थांबतात, म्हणून त्यांना सगळे पाठीमागे स्वल्पविराम म्हणतात. ते रोज विचारायचे, "झाला का, तुमचा, तो, शब्द?"

"एक अर्थ राहिलाय, सर," मी सांगायची.

त्या संध्याकाळी भुरभुर पाऊस होता. तो दुकानाच्या छपराखाली उभा होता, हेल्मेट काढून हातात धरलेलं. केस ओले. नेहमीसारखा हसत नव्हता.

"आज वाक्य आहे?" मी विचारलं.

"आहे..." त्याने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "या लाइनवरचं माझं काम कधीच संपलंय. आता माझी ड्युटी पार दुसऱ्या टोकाला असते. तरी मी रोज इकडूनच जातो."

आता मी काय केलं ते ऐका, आणि कपाळावर हात मारायचा असेल तर खुशाल मारा. 'या लाइनवरचं काम'... लाइन म्हणजे नेमून दिलेला भाग. हा अर्थ माझ्याकडे नव्हता. इतक्या दिवसांत कुणीच दिला नव्हता. माझा हात आपोआप पर्समध्ये गेला, पेन्सिल निघाली, आणि मी म्हणाले –

"थांबा. परत म्हणा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने ते वाक्य परत म्हटलं. सावकाश, शब्द न् शब्द सुटा करून.

"लिहिलंत?"

"हो."

"छान," तो म्हणाला. हेल्मेट घातलं, मोटरसायकल सुरू केली आणि गेला.

मी त्या नव्या अर्थाच्या आनंदात चालत चालत पार कोपऱ्यापर्यंत गेले. तिथे कागदावरचं वाक्य पुन्हा वाचलं. तरी मी रोज इकडूनच जातो. पाऊस अंगावर पडत होता आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी होते. जगात कुणी कुणाला इतकं साधं, इतकं सुंदर सांगितलं नसेल, आणि मी त्याला शुद्धलेखन घालायला लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. खिडकी उघडली की समोर नुसता खांब. मी वीज कार्यालयात फोन केला.

"लाइन गेलीय का?" पलीकडून विचारलं.

"नाही."

"आलीय?"

"हो."

"मग तक्रार काय आहे, मॅडम?"

काय सांगणार? निरोप ठेवला. उत्तर आलं नाही. घरी आईने एका अतिशय चांगल्या लाइनमधल्या मुलाचा फोटो पुढे केला आणि मी जेवणाच्या टेबलावर रडायला लागले. तिला वाटलं, मुलगा पसंत पडला नाही. ते खरंच होतं. मला दुसरा पसंत पडला होता आणि तो माझ्या कर्माने निघून गेला होता.

तो परत आला पाहिजे, एवढंच आता मला कळत होतं. आणि बोलणाऱ्याला बोलावून आणायची एक हक्काची वाट या कार्यालयात होती.

शनिवारी स्वल्पविरामांनी माझा शब्द वाचायला घेतला. एकेक वाक्य सरत गेलं. सगळ्यांना सगळं पटत होतं. शेवटी ते वाक्य आलं. टेबलाभोवती माना डोलल्या, आणि मी हात वर केला.

"मला या वाक्यावर शंका आहे."

सरांनी चष्म्यावरून बघितलं. "पण, हे वाक्य, तुम्हीच, आणलंय."

"हो, सर. पण तो माणूस कोशासाठी बोलला की... की मनातलं बोलला, ते मला तेव्हा कळलं नाही."

कुणीतरी खोकलं. स्वतःच्याच वाक्यावर शंका घेणारी माणसं आमच्याकडे आजवर झाली नव्हती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नियम, म्हणजे, नियम," आणि स्वतः उठून वीज कार्यालयाला फोन लावला. "आम्हाला, तुमच्या एका माणसाच्या, बोलण्याबद्दल, शंका आहे."

आता असा फोन गेल्यावर पलीकडे काय समजणार? पुढच्या शनिवारी खाली वीज कार्यालयाची गाडी थांबली आणि तिच्यातून पिवळ्या हेल्मेटांची अख्खी पलटण उतरली. आपल्या माणसावर काहीतरी बालंट आलंय आणि त्याची बाजू घ्यायचीय, अशा तयारीने ते सगळे जिन्यात उभे राहिले. तो एकटा आत आला. टेबलाच्या त्या टोकाला थांबला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

सरांनी वाक्य वाचून दाखवलं. "हे, तुम्ही, बोललात?"

"बोललो होतो," तो म्हणाला. "पण आता परत घेतो. खोडून टाका."

"कारण?"

"मी ते एका माणसाशी बोललो होतो, साहेब. पुस्तकाशी नाही."

आता गप्प बसले, तर तो या दारातून बाहेर जाईल आणि पुन्हा कुठल्या खांबावर दिसणारही नाही. मी उभी राहिले.

"मग माझं एक वाक्य ऐका."

"बाई," सर म्हणाले, "कोशकाराला, स्वतःचं वाक्य, देता येत नाही."

"हे कोशासाठी नाहीये, सर."

मी त्याच्याकडे वळले. "माझा शब्द कधीच पूर्ण झाला होता. तुमच्या वायरी बदलून व्हायच्याही आधी. तरी मी रोज खिडकी उघडून तुमच्याकडे आणखी एक वाक्य मागत राहिले, कारण वाक्य संपलं की तुम्ही जायचात. त्या दिवशी माझा हात पुढे धावला आणि मन मागे राहिलं. चुकलं माझं. तुम्ही मला आवडता. यापुढे एकही वाक्य दिलं नाहीत, तरी आवडता."

त्याने आता माझ्याकडे बघितलं. आधी नुसतं बघितलं, मग त्याच्या ओठाच्या एका कोपऱ्यात ते जुनं हसू अगदी हळू यायला लागलं.

"तपासल्याशिवाय आम्ही हात लावत नाही," तो म्हणाला, "माहितीये ना?"

"माहितीये."

"मग..." त्याने हेल्मेट काढलं. "परत म्हण."

परत म्हण. म्हणा नाही, म्हण. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते सगळं परत म्हटलं. या वेळी मोठ्याने, जिन्यापर्यंत ऐकू जाईल असं. त्याने टेबलाला वळसा घातला आणि पेन्सिल धरून धरून काळी पडलेली माझी बोटं हातात घेतली.

जिन्यातून कुणीतरी आरोळी ठोकली, "आली रे लाइन!" आणि सगळ्या पलटणीने टाळ्या, शिट्ट्या, हेल्मेटांचा ठणठणाट, जे जमेल ते केलं. आमच्या टेबलावरच्या शांत, चष्मेवाल्या माणसांनीही टाळ्या वाजवल्या. स्वल्पविराम तेवढे पेन उघडून दाराकडे निघाले होते. "हे, आत्ता, कोण बोललं? त्यांना, जरा, आत पाठवा."

मग त्याने वाक्य परत घेतलंच नाही. कोशात ते छापलं गेलं, 'लाइन'च्या अगदी शेवटच्या अर्थाखाली, पुढे नुसतं 'लाइनमन'. आईला मी सांगितलं, तेव्हा तिने ठरलेला प्रश्न विचारलाच, मुलगा कुठल्या लाइनमध्ये आहे, आणि मी इतकी हसले की तिला पाणी आणावं लागलं.

त्याची ड्युटी अजून पार दुसऱ्या टोकालाच असते. संध्याकाळी मी खिडकी उघडते, तर तो खाली मोटरसायकलला टेकून उभा असतो. आता तो इकडून जात नाही. इकडेच येतो.