बाहेरून कुलूप, आत खेळ

लाईन गेली तं गेली, बोंबलता काहून? तो कंदील इकडं सरकवा, अन् दार उघडं राहू द्या. हो, उघडंच. बंद दाराआड मी बसत नसतो. काहून ते सांगतो, पण मधात कोणी उठाचं नाही. उठला त्याले मी मागून हात लावीन, मंग म्हणू नका.

सत्याऐंशीचा मे महिना होता. मी तवा महाल नावाच्या वस्तीत भैय्याजीच्या गेमच्या दुकानात होतो. त्याच्या आंदी जत्रेत फुगे फोडाच्या बंदुका घेऊन फिरत होतो. नळी जराशी वाकडी करून ठेवाची, लोकाईचा नेम चुकाचा अन् मी हसाचो. इतकं माहं इमान.

त्या दिवशी सकाळी भैय्याजीनं मले रेल्वेच्या मालधक्क्यावर पाठवलं. कलकत्त्याहून एक खोकं आलं होतं, ते आणाचं होतं. मले सही येत नाही, मी अंगठा देल्ला. बाबू म्हणे, "काय हाय गा याच्यात?"

मी म्हटलं, "भुतं हायेत साहेब. जित्ती. कान लावून पाहा."

त्यानं खरंच कान लावला. मी खालून खोक्यावर टिचकी मारली. बाबूचा चष्मा इकडं, पेन तिकडं.

पण खोटं नव्हतो बोललो. खोक्यात भुताईचाच खेळ होता. दुकानात चार मशिनी होत्या. मोटारीची, विमानाची, एक चेंडूची अन् चौथी बंदुकीची. सगळे त्या चौथीसाठी येत. टीव्हीवर एका घराची लांब बोळ दिसे, अन् खाली एक हात अन् बंदुकीची नळी. बस. माणूस दिसेच नाही, काहून का खेळणाराच तो माणूस. त्याच्याच डोळ्यानं घर पाहाचं. दाराआडून भुतं येत, त्याईले मारत मारत शेवटच्या दारापर्यंत जाचं. दाराले हात लागला का पडदा काळा. खेळ खतम. आता त्याचा दुसरा भाग आला होता. मशीन तेच, आतली खेळाची पट्टी नवी.

भैय्याजीनं पट्टी बसवली, पिन लावून चालते का ते पाहिलं, अन् भाचीच्या लग्नाले काटोलच्या यष्टीत बसून निघून गेला. दुकान माह्या गळ्यात.

आता आमची रीत ऐका. दुकानाले परवाना नव्हता. म्हणून दुपारचे बारा वाजले का शटर खाली ओढाचं अन् बाहेरून कुलूप लावाचं. पाहणाऱ्याले वाटे दुकान बंद हाय, आत खेळ चालू. चावी माह्यापाशी. मी समोरच्या कडुलिंबाखाली बोरा टाकून बसो. आतल्याले बाहेर याचं असलं का त्यानं शटरवर तीनदा ठोकाचं, मी रस्ता पाहून उघडाचं. पण पहिल्या ठोक्याले उघडीन तं मी कायचा? "चावी हरवली गा", "शिपाई उभा हाय, चूप राहा". आतल्याले घाम फुटल्याबिगर मले जेवण पचत नव्हतं.

बारा वाजता वामनराव आला. मिलमध्ये फिटर होता, रातपाळीचा, हाताचं ग्रीस कवाच निघत नसे. पहिला भाग पुरा करणारा सगळ्या महालात तो एकटाच.

"रुपराव, आला म्हणते दुसरा भाग?"

"आला. पण तुह्या घरी आज पाहुणे हायेत ना बे? प्रेमिलाले पाहाले?"

"साडेचारले येतीन, काटोलचे. तवरीक घरात बसून काय करू? बाया पोहे निवडून राहिल्या, मले हाकलून देल्लं." मंग आवाज बारीक करून म्हणे, "दीडले उघडजो बरं गा. मस्करी नोको करू आज. मागच्या वेळी मी उशिरा पोचलो अन् पाहुणे उठून गेले. म्हणाले, बापालेच कदर नाही. पोरगी दोन दिवस जेवली नाही. आज उशीर झाला तं शोभा मले घरात घेणार नाही."

"शपथ," मी म्हटलं.

माही शपथ. तुमाले त माहीतच हाय.

तो आत गेला, मी शटर ओढलं, कुलूप लावलं. आत तो एकटाच होता. लग्नसराईचा दिवस, दुसरं कोणी आलंच नाही. ऊन असं का डांबर चप्पलले चिकटे. गल्लीत कुत्रं बी नव्हतं. आतून थोडा वेळ बंदुकीचा आवाज आला. मंग तो बी नाही. कडुलिंबाचं पान हालून नव्हतं राहिलं.

दीडले शटरवर ठोकलं. एक, दोन, तीन.

मी उठलो, शटरपाशी गेलो अन् म्हटलं, "चावी सापडून नाही राहिली गा."

पुन्हा ठोकलं. एक, दोन, तीन. हळू. खालून, जमिनीपाशी.

"अबे बसून काहून ठोकतो? पाय गेले का?"

मंग आतून वामनरावचा आवाज आला. शटरपासचा नाही. दूरचा, मशिनीकडचा.

"रुपराव... तू आत दुसऱ्या कोणाले सोडलं होतं का गा?"

"नाही."

"मंग... हे कोण ठोकून राहिलं?"

मी हसलो. वाटलं, आज गडी माह्यावरच डाव टाकून राहिला. म्हटलं, "भूत असन. चहा पाज त्याले."

"रुपराव, उघड..." त्याचा आवाज कोरडा झाला होता. "मस्करी नाही... उघड गा..."

खरं सांगतो, मी लगेच नाही उघडलं. चुना काढला, तंबाखू मळली, दाढेखाली धरली. इतकाच वेळ. पण तितका वेळ मी घेतला.

मंग कुलूप काढलं, चावीसगट बाजूच्या हुकाले अडकवलं अन् शटर गुडघ्यापर्यंत वर केलं. पुरं वर करत नव्हतो, लोकाईले दिसे. वाकून आत शिरलो.

आत अंधार. बाकी मशिनी बंद, फक्त चौथीचा निळा उजेड. अन् वास. गरम वायरीचा वास मले माहीत हाय, त्याच्या खाली दुसराच एक होता. बरसोनबरस बंद ठेवलेल्या विहिरीचं झाकण काढलं का येते ना, तसा ओला वास. मे महिन्यात.

"वामनराव?"

कोणी नाही. मशिनीची बंदूक वायरीले लटकून हालून राहिली होती, आत्ताच कोणी हातातून सोडल्यावाणी.

तितक्यात मागं शटर धाडकन खाली आलं. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज झाला.

मले आंदी आनंदच झाला, खरं सांगतो. म्हटलं, वाहवा! मी शिरलो तवा हा मशिनीच्या आडून बाहेर पळाला अन् मलेच कोंडलं. चेला गुरूच्या वर गेला. मी शटरवर तीनदा ठोकलं.

बाहेरून वामनरावचा आवाज आला, "थांब गा. चावी सापडून नाही राहिली."

मी पोट धरून हसलो. "मानलं बे! आता उघड, तुह्या घरी पाहुणे येतीन."

"हो," बाहेरचा म्हणाला. "मी जातो ना घरी."

अन् शीळ घालत गेला. मी आयकत राहिलो. गल्लीच्या टोकापर्यंत आवाज गेला, मंग बंद.

मी शटर हालवलं, लाथा मारल्या, ओरडलो. कोण आयकते? भर दुपारी सगळा महाल खिडक्या लावून झोपला होता. अन् शटर बंद दिसलं का दुकान रिकामं, हे आमीच लोकाईले शिकवलं होतं. घाम डोळ्यात जाऊन राहिला. म्हटलं, येईन तो परत, चहा पिऊन येईन. मशिनीचा उजेड होता, तिच्यापाशी जाऊन पाहिलं.

पडद्यावर बोळ नव्हती. चार मशिनी होत्या. मोटारीची, विमानाची, चेंडूची. शेवटी शटर. आमचंच दुकान होतं, पाठीमागच्या कोपऱ्यातून पाहिल्यावाणी. अन् मधात एक माणूस उभा, खांद्यावर लाल गमछा, पाठमोरा, मशिनीत डोकं घालून पाहून राहिला.

गमछा माह्या खांद्यावर होता.

मी मान फिरवली. मागं भिंत. कोणी नाही. पडद्यावरच्या माणसानं बी मान फिरवली.

मी मागं मागं सरकत शटरपाशी गेलो अन् पाठ टेकवून उभा राहिलो. पत्रा तव्यासारखा तापला होता, पाठ भाजत होती, तरी हाललो नाही. तिथून बी पडदा तिरपा दिसत होता. अन् पडदा पुढं सरकून राहिला होता. हळूहळू. कोणी चालत यावं तसा. मोटारीची मशीन गेली. विमानाची गेली. माह्या पुढ्यात दुकान रिकामं, अन् पडद्यावर तो माह्याकडं येऊन राहिला.

खाली बंदुकीची नळी. अन् ती धरलेला हात. त्या हाताले ग्रीस लागलं होतं.

मशिनीच्या भोंग्यातून आवाज आला. बारीक, खरखरत.

"रुपराव..."

मी पत्र्याले अजून चिकटलो.

"रुपराव, तू दिसून राहिला मले... तिथंच उभा हायेस ना?"

"वामनराव... कुठून बोलून राहिला गा?"

"काय माहीत... शेवटचं दार उघडलं अन् मी आत आलो... मागं वळताच येत नाही. पुढंच जाता येते." मंग खरखरीतून म्हणे, "किती वाजले गा? पाहुणे आले असतीन..."

"थांब ना मंग! पुढं नोको येऊ!"

"पाय थांबून नाही राहिले..."

"तं बंदूक खाली घे!"

"हात माहा आयकत नाही."

पडद्यावर नळी वर आली. माह्या छातीवर थांबली. या खेळात गोळी लागली का काय होते ते मी रोज पाहत होतो. धूर होते अन् पडदा तिथं रिकामा.

पिन भिंतीले होती. चार पावलं. माह्या ध्यानात आलं ते त्याले दिसलं असन, काहून का तो एकदम ओरडला.

"पिन नोको काढू गा! रुपराव... मंग मी कुठं राहीन?"

मी जत्रेतला माणूस. लय लोकाईले फसवलं, पण कोणाचं काही नेलं नव्हतं. त्या दिवशी मी पिन उपसली.

उजेड गेला. आवाज बी गेला, अर्ध्यातच. "प्रेमि..." इतकंच राहिलं होतं तोंडात.

अंधारात किती वेळ बसलो, ते मले सांगता येत नाही. पिन हातातच होती. दोनदा वाटलं, परत लावावं. दोन्ही वेळा हात वर गेला नाही. मंग पाठीमागचा पत्रा आपोआप ढिला झाला. शटर उचललं तं उचललं गेलं. बाहेर कोणी नाही. कुलूप हुकाले, त्यात चावी. मी ठेवलं होतं तसं. सावल्या लांब झाल्या होत्या, पाच वाजून गेले असतीन.

पळत वामनरावच्या घरी गेलो. काय सांगाचं तेच समजून नव्हतं राहिलं. वहिनीले सांगाचं का पोरीले? दारात वहिनी उभी, नवं लुगडं नेसलेली, हसून राहिली होती.

"या भाऊजी! तुमीच राहिले होते."

"वहिनी... वामनराव..."

"बसले हायेत ना आत. दुपारी दीडच्या पुढंच आले, आंघोळ केली, दाढी केली. जन्मात पहिल्यांदा टायमावर आला हा माणूस. पसंती झाली, भाऊजी!"

मी उंबऱ्यावरच बसलो. मधात पाहुणे खुर्च्याईवर बसून पोहे खाऊन राहिले, अन् सतरंजीवर वामनराव. पांढरं धोतर, गोड हासू. हात स्वच्छ. माह्याकडं पाहून म्हणे, "आला का गा? मले वाटलं, अडकला."

मले रडू आलं. आनंदाचं. म्हटलं, मस्करी होती. एवढी मोठी मस्करी, पण मस्करीच. आवाज कसा काढला, चित्र कसं केलं, ते उद्या विचारीन, त्याच्या पाठीत दोन घालीन. पोरगी वाचली, बाप वाचला, मी वाचलो.

वहिनी म्हणाली, "प्रेमिला, आंदी बाबाच्या पाया पड, मंग पाहुण्याईच्या."

पोरगी पदर सावरत आली अन् वाकली. वामनरावनं हात वर केला. "सुखी राहा, पोरी."

पाहुणे हसून राहिले होते, वहिनी डोळे पुसून राहिली होती. वरून त्याईले काही दिसलं नाही. मी उंबऱ्यावर बसलो होतो, खाली, म्हणून मले दिसलं. पोरगी उठून नाही राहिली. धोतराच्या काठाखाली तिचे दोन्ही हात सतरंजीवर फिरून राहिले होते. इकडं. तिकडं. पुन्हा इकडं. बापाचे पाय शोधत.