गरुडाच्या पंखावरची भेग

पाठ

पॉप-पॉपनं नाणं पँटच्या खिशात टाकलं. किल्ल्यांबरोबर.

लॉटी बघतच राहिली. जुन्या नाण्याला फक्त कडेनं धरायचं, हे तिला याच आजोबांनी शिकवलं होतं.

अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये नाण्यांचं प्रदर्शन भरलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीचं ते अडीच डॉलरचं सोन्याचं नाणं पारखी मिस्टर क्रँडल यांनी नुकतंच भिंगाखाली धरलं होतं. मागच्या बाजूला गरुड, आणि त्याच्या पंखापासून वरच्या ताऱ्याकडे गेलेली बारीक रेघ.

"अशी रेघ असलेलं सोन्याचं नाणं मी आजवर पाहिलेलं नाही. नक्कल आहे," ते म्हणाले होते. "पुढचे कोण?"

"मोडीत देऊन टाकतो," पॉप-पॉप म्हणाले. सोन्याची मोड घेणाऱ्याच्या टेबलापुढे रांग होती. ते तिथे जाऊन उभे राहिले.

"पण ते आजीनं दिलेलं ना?"

"म्हणूनच. तिला कुणीतरी फसवलं. माझ्या मागून ते आणखी कुणाला फसवायला नको. वितळलं की संपलं."

कड

लॉटीनं नाणं मागून घेतलं आणि कडेनं धरून नखानं रेघ चाचपली.

"ओरखडा नाही हा. रेघ वर आलीय. नाणं छापायच्या पोलादी ठशाला भेग पडली की धातू तिच्यात घुसतो, तशी."

"मग जा, सांग क्रँडलना," तिचा मामेभाऊ एमेट म्हणाला. "फार खूश होतील."

"एमेट, हा पंख मी सकाळी कुठेतरी पाहिलाय. हीच रेघ."

"सोन्याची सगळी टेबलं आपण मिळून पाहिली. नव्हती."

"सोन्याची," लॉटी म्हणाली आणि थांबली. मग तिनं रांगेजवळ घुटमळणाऱ्या तिच्या वर्गातल्या वेंडेलला पकडलं. "तू मोडवाल्याशी बोलत राहा."

"काय बोलू?"

"तू शाळेत बोलतोस तसंच. कुणी थांबवेपर्यंत."

नाणं आजोबांच्या हातात परत देऊन ती आणि एमेट हॉलच्या दुसऱ्या टोकाला पळाले. तिथे मिसेस पेल चांदीची नाणी मांडून बसल्या होत्या. काचेखाली दहा सेंटचं एक जुनं नाणं पालथं ठेवलं होतं. तोच गरुड. तीच रेघ, पण ताऱ्याच्या अलीकडेच थांबलेली.

"चांदीच्या नाण्यावर सोन्याचा ठसा कसा?" एमेटनं विचारलं.

"दोघांचा आकार जवळजवळ सारखा, आणि तेव्हा पाठीवर किंमत कोरतच नसत," मिसेस पेल म्हणाल्या. "ठसा बनवायला फार मेहनत. मग टांकसाळीत एकच ठसा दोघांना वापरायचे. पण सोनेवाले आमच्याकडे फिरकतात कुठे?"

"आज फिरकतील," लॉटी म्हणाली. "तुम्ही याल का? नाणं घेऊन?"

तोंड

वेंडेल विचारत होता, "आणि प्लॅटिनम वितळवायला?" मोडवाल्यानं डोकं धरलं होतं. पॉप-पॉपचा नंबर कधीच आला होता, पण नाणं अजून त्यांच्या हातातच होतं. लॉटी त्यांना ओढतच क्रँडलच्या टेबलाकडे घेऊन गेली.

मिसेस पेलनी दोन्ही नाणी क्रँडलच्या भिंगाखाली शेजारी शेजारी ठेवली. क्रँडल बराच वेळ वाकून होते.

"चांदीच्या नाण्यावरून नक्कल केली असेल," ते अखेर म्हणाले.

"मग रेघ तेवढीच आली असती," लॉटी म्हणाली. "सोन्यावरची लांब आहे. आधी चांदी छापली. भेग वाढली. मग सोनं. आणि असं सोन्याचं नाणं तुम्ही कधी पाहिलंच नाही, तर नक्कल करणाऱ्यानं कुठे पाहिलं?"

क्रँडलनी सोन्याचं नाणं तराजूत ठेवलं. वजन बरोबर होतं. त्यांनी कड पाहिली, दर्शनी बाजूवरचा चेहरा पाहिला, पुन्हा पंख पाहिला.

"मिस्टर ब्रुबेकर, मी चुकलो," ते पॉप-पॉपना सरळ म्हणाले. "अस्सल आहे. या ठशाचं सोन्याचं नाणं मी तरी पहिल्यांदाच पाहतोय. मिसेस पेल, तुमचं टेबल कुठे आहे म्हणालात?"

"बारा वर्षं तिथेच आहे."

"मुली, मी हे भिंग घेऊन बसतो, तू नजर घेऊन येत जा," क्रँडल लॉटीला म्हणाले.

पॉप-पॉपनं खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि हातरुमाल उलगडला. लॉटीनं घाईघाईत नाणं उचललं.

"कडेनं धर," ते म्हणाले.