ढोलात काय कोंबलं

करवत हवी? ती बघा, खिळ्याला टांगलीये. पातं नवं आहे, बोटं सांभाळा. सूटकेसचा ढोल करायचाय म्हणता, खुशाल करा. पायानं वाजवायचा ढोल सूटकेसमधून झकास निघतो, मी स्वतः चार बनवलेत. पण मारित्सा, आधी मला एक सांग बाळा. आत काय कोंबणार?

उशी म्हणतेस? कुणाची उशी?

हसू नका. बसा जरा. दार लोटून घ्या, गारठा आत येतोय. ही काही इकडून तिकडून ऐकलेली गोष्ट नाही. माणूस माझ्या ओळखीचा होता. रोज सकाळी याच बाकावर बसून माझी कॉफी प्यायचा आणि साखर कमी आहे म्हणून मलाच बोल लावायचा.

एवेलिओ त्याचं नाव. गिटार वाजवून गायचा. त्याचा ढोलवाला जोडीदार लेकीकडे चिलीला निघून गेला आणि हा एकटा पडला. नुसत्या गिटारीवर लोक माना हलवतात, नाचत नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी नवा जोडीदार कुठून शोधणार? म्हणून दोन हजार बावीसच्या डिसेंबरात, दहा तारखेला, शनिवारी सकाळी तो काखेत एक सूटकेस मारून माझ्याकडे आला.

"मास्तर, हिला पेडल बसवून द्या. एकतीसला रात्री आमच्या कोपऱ्यावर वाजवायचंय. आख्ख्या गल्लीला शब्द दिलाय."

सूटकेस मी लगेच ओळखली. तपकिरी, जाड दाबीव पुठ्ठ्याची, कोपऱ्यांना पत्रा. ती तुलियाबाईंची. एवेलिओच्या घरापासून चौथं घर त्यांचं. आपल्याकडे एकतीसला बाराच्या ठोक्यावर सूटकेस घेऊन घरांच्या चौकोनाला फेरी मारली की नव्या वर्षात प्रवास घडतो, हे तुम्हाला काय सांगायचं! तुम्हीही धावला असाल. माझी आई तर निघण्याआधी प्रत्येकाची सूटकेस उघडून बघायची. आत ज्याचा कपडा, प्रवास त्याचा. तुलियाबाई आपला ठेवणीतला झगा आत घालून एकतीस वर्षं फेरी मारत होत्या, आणि शेजारच्या गावालासुद्धा कधी गेल्या नाहीत. कुणी चिडवलं तर म्हणायच्या, "जाईन की! एकटीनं कशी जाऊ? सोबत मिळू दे." त्या ऑक्टोबरात वारल्या.

"कुणी दिली तुला?" मी विचारलं.

"भाच्यानं. घर रिकामं करतोय. फुकट दिली."

"फुकट? तो तर वापरलेली काडेपेटीसुद्धा विकेल."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाला, घेऊन जा, फक्त आजच्या आज ने."

फुकट ते पौष्टिक म्हणतात लोक, पण मला फुकटचं पचत नाही. मी आहेच संशयी. बायको म्हणायची, तुम्ही मीठसुद्धा हुंगून घेता. तरी मी ती सूटकेस कामाला घेतली, कारण लाकूड न् पुठ्ठा दिसला की माझे हात थांबत नाहीत. मागच्या बाजूला आवाजाला वाट म्हणून बशीएवढं भोक पाडलं. खाली दोन लाकडी ठोकळे लावले, पुढे बडवायच्या गोळ्याचं पेडल बसवलं. एवेलिओनं पाय दाबला. गोळा पुठ्ठ्यावर बसला आणि आवाज असा घुमला की खिडकीच्या काचा हलल्या. रिकामं पिंप बडवल्यासारखा.

मी म्हणालो, "घुमतोय लेका. आत काहीतरी कोंब."

तो घरी गेला आणि बायकोचा जुना लाल लोकरी स्वेटर घेऊन आला. नूबिया तिचं नाव, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. स्वेटर बोळा करून कोंबला. पाय दाबला. धप्! सुका, जाड, सरळ छातीत लागणारा आवाज. आम्ही दोघं पोरांसारखे हसलो. कुणाचा स्वेटर, कशात कोंबला, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. आमच्या लेखी ती आता सूटकेस राहिलीच नव्हती ना, ती ढोल होती.

बावीस तारखेला एवेलिओ आला तो उतरल्या चेहऱ्यानं. कॉफीला हात लावला नाही.

"मास्तर, नूबिया मला सोडून निघालीये."

"तिनं सांगितलं?"

"सांगेल कशाला? बांधाबांध चाललीये. रात्री मी ढोल पलंगापाशी ठेवतो, सकाळी तो दारापाशी असतो. स्वेटर मी बोळा करून कोंबतो, सकाळी त्याची घडी घातलेली असते. आणि रोज संध्याकाळी परसात जाऊन स्पेनला बहिणीशी कुजबुज. मी गेलो की फोन बंद."

"अरे, पळून जाणारी बाई भोक पाडलेली सूटकेस नेईल का? पेडलासकट?"

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तीस वर्षांचा संसार, मूल नाही, एकमेकांशिवाय दोघांना कुणी नाही. ती गेली तर हा माणूस गिटार खुंटीला टांगून भिंतीकडे बघत बसेल, हे मला कळत होतं.

माझा संशय मात्र भाच्यावर. मी तुलियाबाईंच्या घरी गेलो, तर कुलूप. शेजारीण दारातच उभी होती. तिनं आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघून घेतलं, मग म्हणाली, "बाई गेल्यापासून ती सूटकेस रोज सकाळी उंबऱ्याशी यायची. भाचा आत नेऊन ठेवायचा. सकाळी परत उंबऱ्याशी. शेवटी तो हॉटेलात झोपायला लागला."

मी हे एवेलिओला सांगितलं नाही. वाटलं, बाई फेकतेय. आणि खरं सांगू? मी घडवलेला ढोल कुणी मोडून टाकावा, हे मला नको होतं.

तीस तारखेची रात्र. सव्वादोन वाजलेले. हे मला दुसऱ्या दिवशी दोघांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोन्ही सांगणी तंतोतंत जुळली. एवेलिओला जाग आली ती आवाजानं. धप्... मग बराच वेळ काही नाही. मग धप्... कुणा म्हाताऱ्या माणसानं दम खात जिना चढावा तसा. शेजारी पलंग रिकामा. त्याला वाटलं, सापडली! तो अनवाणी घरातल्या बोळात आला. तिथे अंधारात नूबिया भिंतीला टेकून उभी.

"पकडलं तुला," तो म्हणाला.

"मला? मी तुला शोधतेय. अपरात्री पिऊन ढोल वाजवतोस, लाज नाही वाटत?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

बाहेरच्या खोलीत... धप्.

दिवा लावला. ढोल दारापाशी. पेडल थांबलेलं. एवेलिओनं भोकातून हात घालून स्वेटर काढला. घडी. नूबियानं ती निरखून बघितली आणि म्हणाली, "मी उभी घडी घालते. तीस वर्षांत कधी बघितली नाहीस? ही आडवी आहे. ही माझी नाही."

मग तिनं खरं काय ते बोलून टाकलं. बहिणीनं स्पेनमध्ये वर्षभराचं काम बघितलं होतं, एका आजारी बाईची सोबत करायची. "जावं असं वाटत होतं रे. तुला सांगायची भीती वाटत होती. पण असं नाही जायचं मला. असं नको!" ती रडायला लागली. "उद्या एकतीस आहे, एवेलिओ. माझा कपडा काढ त्यातून. आणि ती जाळून टाक."

"स्वेटर काढतो. ढोल परवा जाळतो. उद्या माझी इतकीच रात्र आहे, नूबिया."

माणसाचा हट्ट. तिनंही मग जास्त ताणलं नाही.

एकतीसला रात्री साडेअकराला मी कोपऱ्यावर पोचलो. सगळी गल्ली बाहेर, प्रत्येकाच्या हातात सूटकेस. नूबियानं लाल स्वेटर अंगात घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावून. एवेलिओ खुर्चीवर, गिटार मांडीवर, ढोल पायाशी. बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्यानं सुरुवात केली.

आणि ढोल घुमला. आत काहीच नव्हतं ना! गिटार ऐकू येईना, शब्द ऐकू येईना. मागून कुणीतरी ओरडलं, "ए, टमरेल बंद कर!" लोक हसले. त्याचा चेहरा पडला. मला बघवेना. माझं काम होतं ते, माझी अब्रू होती.

मी ओरडलो, "अरे घुमतोय! काहीतरी कोंब आत!"

मीच म्हणालो हे. दुसऱ्या कुणी नाही.

त्यानं मान हलवली. अंगातलं जॅकेट काढलं. बोळा केला. भोकातून आत कोंबला. पाय दाबला. धप्! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढची सात-आठ मिनिटं तो असा गायला, असा गायला की नूबियासुद्धा हसली. मग चर्चची घंटा सुरू झाली. बारा ठोके. लोक मिठ्या मारायला लागले, मग सूटकेसा उचलून धावत सुटले, हसत, एकमेकांना ढकलत. एवेलिओनं गिटार खाली ठेवली. पाय मात्र चालूच.

"मास्तर..." तो म्हणाला. "पाय थांबत नाहीये."

मला वाटलं, चेष्टा करतोय.

तो उठला. पेडल निघून बाजूला पडलं. त्यानं सूटकेस उजव्या हातात घेतली आणि लोकांच्या मागून चालायला लागला. धावत नव्हता. डावा हात शरीरापासून जरा लांब... असा. कुणी धरल्यासारखा.

पेडल माझ्या पायाशी होतं. आवाज मात्र येत होता. धप्... धप्...

चौकोनाला फेरी मारायला चार मिनिटं पुरतात. लोक परत आले. धापा टाकत, हसत. एवेलिओ नव्हता. पाऊस सुरू झाला, बारीक, मग चांगला जोराचा. लोक घरात पळाले, जेवायला. कोपऱ्यावर नूबिया आणि मी.

ऐकलं. चौकोनाच्या मागच्या बाजूनं... धप्.

आम्ही तिकडे गेलो. मागची बाजू म्हणजे कॉफीच्या गोदामाची भिंत. एक दार नाही, खिडकी नाही. रस्ता रिकामा. आवाज पुढच्या कोपऱ्यापलीकडे. आम्ही वळलो. तो त्याच्या पुढच्या कोपऱ्यापलीकडे. एक फेरी. दोन. तीन. दर वेळी एक कोपरा पुढे. हाक मारली की थांबायचा. मग पुन्हा... धप्.

नूबिया म्हणाली, "मास्तर, तुम्ही इकडून. मी तिकडून."

मी डावीकडून निघालो, ती उजवीकडून. कोपरा. दुसरा कोपरा. आवाज समोरच. आता भिंतीच्या बाजूलाच. अगदी जवळ. मी वळलो.

धप्.

समोरून नूबिया येत होती. रस्ता सरळ. दिवे चालू. आमच्या दोघांच्या मध्ये...

कुणी नाही.

आवाज थांबला. परत कधी आला नाही.

काय मारित्सा? हो, पोलीस आले. त्यांनी लिहून घेतलं, इसम स्वतःच्या मर्जीनं निघून गेला. गल्लीतले म्हणाले, कुठल्या तरी बाईबरोबर पळाला, नाहीतरी गाणारी माणसं तसलीच. नूबिया स्पेनला गेली नाही. माझ्याशी बोलते, पण माझ्या दुकानात पाय ठेवत नाही. बरोबर आहे तिचं. तिनं आपला कपडा वाचवला, आणि त्याच्या अंगावरचा मी काढायला लावला. तुम्ही सूटकेस आणली की मी आधी आत काय घालणार हे विचारतो, ते यासाठी. चिंध्या घाला, दुकानातून आणलेला कोरा कापूस घाला. कुणाच्या अंगाला लागलेलं काही नको.

एक गोष्ट आम्ही पोलिसांना सांगितली नाही.

आम्ही दोघं जिथे समोरासमोर आलो, तिथे तीनदा येऊन गेलो होतो. पाऊस कोसळत होता. रस्ता वाहत होता. आणि तिथे, भिंतीपासून हातभर अंतरावर, जमीन कोरडी होती. सूटकेस टेकवावी एवढा चौकोन. त्याला लागून दोन पावलं, एवेलिओच्या बुटांच्या मापाची. कोरडी.

त्यांच्या डावीकडे आणखी दोन. लहान, अरुंद टाचेची.

नूबिया वाकून बघत होती. मग तिनं हळूच पाऊल उचललं... त्या लहान ठशात ठेवायला. मी तिचा दंड धरला. जोरात.

उजाडेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो. पाऊस एकदाही थांबला नाही. तेवढी जागा भिजली नाही.