सात नंबरची स्कूटर का थांबली?

"आजी, दाब ना! जोरात दाब!"

"दाबतेय गं बाई! अंगठा तुटायची वेळ आली!"

भिंगरीने मागून सगळा जोर लावला, पण सात नंबरची स्कूटर काही केल्या हलेना. अर्धा चढ चढून झाला होता. वर टेकाडावर तो लाल-पिवळा अवाढव्य फुगा दोराला बांधलेला डुलत होता. त्याच्या टोपलीत बसून आभाळात जायचं, एवढ्या एकाच हौसेपायी आजी या सहलीला आली होती. पार्कमधल्या बाकीच्या पाळण्यांशी आणि घसरगुंड्यांशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. आणि फुगा उडायचा फक्त दुपारी बारापर्यंत. नंतर वारा सुटतो म्हणून तो खाली बांधून ठेवत. आता साडेअकरा झाले होते!

स्कूटर म्हणजे दुचाकी नव्हे हं! चार बुटकी चाकं, वर गुबगुबीत खुर्ची, पुढे हँडल. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी बॅटरीवरच्या या स्कूटरी पार्कच्या फाटकाशीच भाड्याने मिळत. आजीचे गुडघे तर कुरकुरण्याच्या पलीकडे गेले होते.

शेवटी बाबांनी आणि आत्याने स्कूटर ढकलत ढकलत परत फाटकापर्यंत आणली. भिंगरीचा धाकटा भाऊ टिल्ल्या "बाजूला व्हा, बाजूला व्हा!" असं ओरडत पुढे धावत होता. आजी खाली मान घालून बसली होती.

स्कूटरवाल्या काकांनी हँडलवरचे दिवे पाहिले. पाचांतले चार हिरवे होते.

"अहो, बॅटरी आहे की भरपूर! वयस्कर माणसं घाबरतात आणि भलतंच काहीतरी दाबून ठेवतात. यात गाडीचा काय दोष? तुम्हालाच येत नाही चालवता!"

घ्या! हे कुणाला, तर अठ्ठावीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या आजीला! आता आजी काकांना चांगलं फैलावर घेणार, म्हणून भिंगरी वाट पाहत राहिली. पण आजी फक्त स्वतःच्या हातांकडे पाहत राहिली.

संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत बाबा म्हणाले, "आई, उद्यापासून तू इथेच आराम कर. उगाच दगदग नको."

"बरं," आजी म्हणाली.

बरं? आजी कधी कुणाला एका फटक्यात "बरं" म्हणाली होती? भिंगरीला राहवलं नाही. सगळे हात धुवायला गेल्यावर ती आजीच्या कुशीत शिरली.

"आजी, तू भांडत का नाहीस?"

"हात थरथरतात गं हल्ली माझे," आजी हळूच म्हणाली. "मीच काहीतरी चुकीचं दाबलं असेन. वय झालं की कळतसुद्धा नाही आपलं काय चुकलं ते."

आजी स्कूटरवर रुसली असती तर चाललं असतं. पण तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता, आणि ते भिंगरीला मुळीच सहन होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी एकटी खोलीत राहिली. भिंगरी मात्र पार्कमध्ये शिरताच काकांच्या काचेच्या केबिनसमोर ठाण मांडून बसली. सोबत टिल्ल्या होता आणि आत्याचा मुलगा होता. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण तो शिंकण्याआधीसुद्धा विचार करायचा.

"पाळण्यात बसायचं सोडून इथे काय बसायचं?" टिल्ल्या कुरकुरला.

"गप रे! नुसतं बघ!"

अकरा वाजले, आणि एक आजोबा स्वतःच स्वतःची स्कूटर ढकलत आले. मागोमाग एक लठ्ठ बाई आल्या, त्यांना त्यांचे दोन मुलगे ढकलत होते. मग अजून एक स्कूटर! मग अजून एक! आणि काका प्रत्येकाला तेच पाठ केलेलं वाक्य ऐकवत होते, "तुम्हालाच येत नाही चालवता!"

"चार झाल्या!" भिंगरी ताडकन उठली. "एकटी आजी चुकेल. पण चार-चार माणसं एकाच दिवशी चुकतील?"

"शक्यच नाही," प्रोफेसर म्हणाला. पण त्याचं लक्ष भलतीकडेच होतं. केबिनमध्ये विजेवर चालणारं, लाल आकड्यांचं एक घड्याळ होतं. "आत्ता सव्वाअकरा वाजलेत ना? मग त्या घड्याळात सव्वातीन कसे?"

"ते होय?" काका हसले. "बिघडलंय ते. रोज सकाळी नऊला येऊन बघावं तर एक वाजलेला! मी तर ते लावायचंच सोडून दिलंय."

प्रोफेसर मटकन बाकावर बसला. तो डोळे मिटून पुटपुटू लागला. टिल्ल्याने त्याला कोपराने ढोसलं.

"झोपलास काय?"

"आमच्या घरच्या मायक्रोवेव्हवरचं घड्याळ असंच करतं! वीज जाऊन परत आली की ते बारापासून मोजायला लागतं. काका येतात नऊला, तेव्हा यात एक वाजलेला असतो. म्हणजे वीज परत येऊन किती वेळ झालेला असतो?"

"एक तास!" भिंगरी ओरडली. "म्हणजे वीज येते आठला!"

"आणि तीसुद्धा रोज बरोबर आठला! वीज काय शाळेत जाते, घंटा वाजली की हजर व्हायला? कुणीतरी हाताने ती बंद करतंय आणि हातानेच चालू करतंय!"

त्यांनी हे काकांना सांगितलं, तर काकांनी हात झटकले. "मी स्वतः सात वाजता प्रत्येक गाडीची पिन लावून घरी जातो! सकाळी येतो तेव्हा चार्जिंगचे दिवे लागलेले असतात. पळा, खेळा जा! नसते उद्योग!"

पळणार कोण? संध्याकाळी सव्वासातला, अजून थोडा उजेड असताना, तिघं केबिनसमोरच्या प्लॅस्टिकच्या पाणघोड्यामागे दबा धरून बसले. आत्या पलीकडच्या बाकावर दुखरे पाय सोडून बसली होती. "पंधरा मिनिटं देते, एक मिनिटसुद्धा जास्त नाही!" असा तिने दम भरला होता.

काका नुकतेच फाटकाकडे गेले होते. केबिनमध्ये ओळीने स्कूटरी उभ्या होत्या आणि प्रत्येकीच्या चार्जरवर लाल दिवा चमकत होता. तेवढ्यात बादली आणि पोछा घेऊन सफाईवाल्या मावशी आल्या. त्यांनी फरशी अशी लख्ख पुसली की बघत राहावं! मग त्या दाराशी आल्या, भिंतीवरचा मोठा लाल दांडा त्यांनी खट्कन खाली ओढला, आणि सगळे दिवे विझले. छतावरचे, घड्याळाचे आणि चार्जरचेसुद्धा!

"मावशी! थांबा!" तिघं एकदम पाणघोड्यामागून उसळले.

"अगं आई गं!" मावशींच्या हातातली बादली पडता पडता वाचली. "काय रे, जीव घ्याल माझा!"

"तुम्ही तो दांडा का ओढलात?"

"का म्हणजे? त्यांनीच चिठ्ठी चिकटवलीय ना!" मावशींनी दारावर बोट ठेवलं. 'जाताना दिवे बंद करावेत,' असं तिथे लिहिलं होतं. "दिव्यांची बटणं सहा. एक त्या कपाटामागे, एक टेबलाखाली. मी काय ती शोधत बसू? एक दांडा ओढला, काम झालं! सकाळी आठला येते, वर करते, पुसते, जाते."

"पण त्यांना विचारायचं ना, दांडा ओढला तर चालेल का म्हणून!"

"विचारायचं? त्या माणसाला?" मावशींनी नाक मुरडलं. "आठ दिवसांपूर्वी मी पुसलेल्या ओल्या फरशीवरून त्याने सगळ्या गाड्या फिरवल्या! तेव्हापासून मी बोलत नाही त्याच्याशी. तोही नाही बोलत. चिठ्ठ्या चिकटवतो!"

"टिल्ल्या, पळ!" भिंगरी म्हणाली. टिल्ल्या बाणासारखा सुटला आणि फाटकाशी बसची वाट बघणाऱ्या काकांचा हात धरून त्यांना ओढतच घेऊन आला.

मग काय विचारता! दोघं एकमेकांपासून तीन हात लांब उभे राहिले आणि एकमेकांकडे न बघता बोलू लागले.

"बाळ, त्यांना सांग, दांडा ओढला की गाड्यांचं चार्जिंग बंद पडतं म्हणावं!"

"बाळ, त्यांना सांग, हे चिठ्ठीत लिहायला त्यांची शाई संपली होती का?"

बिचाऱ्या टिल्ल्याची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरून दुखायला लागली.

"पुरे!" भिंगरी एवढ्या मोठ्याने ओरडली की आत्या बाकावरून उठली. "तुम्ही दोघं भांडताय, आणि तिकडे माझी आजी खोलीत एकटी बसलीय! तिला वाटतंय तिचे हातच निकामी झाले! तिने काहीसुद्धा चुकीचं केलेलं नाही!" आणि तिला रडूच कोसळलं.

मावशींनी पुढे होऊन दांडा वर केला. चार्जरचे दिवे पुन्हा लाल झाले.

"रात्रभर भरल्याच नाहीत म्हणा की गाड्या," काका पडेल आवाजात म्हणाले. "सकाळी तासभर आणि संध्याकाळी जरा वेळ भरायच्या तेवढंच. पण मग ते हिरवे दिवे?"

"थकलेल्या माणसाला खुर्चीत बसवून विचारलं, तर तो 'मी ठीक आहे' असंच म्हणणार," प्रोफेसर म्हणाला. "चढ आला की खरं कळतं."

काकांनी डोक्याला हात लावला. मग ते पहिल्यांदाच मावशींकडे वळले. "फरशीचं चुकलंच माझं."

"मीही विचारायला हवं होतं," मावशी म्हणाल्या. "आता ती सहा बटणं कुठे आहेत ते एकदा दाखवा तरी!"

खोलीवर पोचताच भिंगरीने एका दमात सगळं सांगून टाकलं. आजी ऐकत राहिली. मग तिने विचारलं, "नक्की? माझं काही चुकलं नव्हतं?"

"नक्की! शंभर टक्के!"

आजीने बाबांकडे बघितलं. "सकाळी किती वाजता उघडतं रे ते पार्क?"

बाबा ओशाळून तिच्याशेजारी बसले. "आई, मी तुला एका शब्दाने विचारलं नाही. परस्पर ठरवून मोकळा झालो."

"उद्या चढावर माझ्याबरोबर धाव, म्हणजे फिट्टंफाट!" आजी म्हणाली.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी बाबांना धावावं लागलं! सात नंबर तो चढ एका दमात चढली. बाबा मागे धापा टाकत होते आणि आजी ओरडत होती, "उचल पाय, उचल!" टोपलीला बाजूने, जमिनीलगत दार होतं. फुगेवाल्याने आजीला हात देऊन आत घेतलं, तिघं मुलंही चढली, आणि फुगा सरसर वर निघाला. आजीने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. हात थरथरत होते, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"अगं बघ, बघ! केवढं लांबवर दिसतंय!" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

फुगा खाली आला तेव्हा काका, मावशी आणि पार्कच्या मॅनेजर बाई वाट बघत उभे होते. मॅनेजर बाईंनी तिघांशी हस्तांदोलन केलं. "आमच्या मोठ्यामोठ्यांना आठ दिवसांत जे दिसलं नाही, ते तुम्ही एका दिवसात शोधलंत. शाबास!"

काकांनी आजीपुढे हात जोडले. "माफ करा, आजी. नको ते बोललो तुम्हाला."

"केलं माफ," आजी म्हणाली. "पण मला एकटीला माफी नको. आठ दिवसांत किती जणांना तेच वाक्य ऐकवलंत तुम्ही? तेही सगळे आपापल्या घरी बसून आपले हात बघत असतील. त्यांचे फोन नंबर आहेत ना तुमच्या वहीत? लावा फोन! माझ्यासमोर!"

काकांनी वही उघडली. मावशी नंबर वाचू लागल्या. पहिला फोन लागला, आणि काकांनी अडखळत अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे कुणीतरी वयस्कर बाई होत्या. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे... मी पुन्हा आले तर चालेल?"

आजीने काकांच्या हातातून फोन घेतला. "अहो, याच तुम्ही! आणि येताना सकाळी लवकर निघा. फुगा बाराला बंद होतो."